मे महिन्यातली चेटकीण

१९५९ साली मुंबईत ‘मधुमंजिरी’ नावाचं नाटक रंगमंचावर आलं. त्यात एक चेटकीण होती. ती भूमिका करत होत्या सुधा करमरकर आणि नाटक बसवलंही होतं त्यांनीच. लिहिलं होतं नुकतीच विशी गाठलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या रत्नाकर मतकरी यांनी. प्रेक्षक होती मुलं. मोठी माणसं आली होती ती मुलांना घेऊन. एरवी याच्या नेमकं उलट व्हायचं. मोठ्यांच्या नाटकाला मुलं आईचा पदर धरून जायची आणि दुसऱ्या अंकात तिच्या मांडीवर झोपून जायची. इथे झोपायची सोय नव्हती, कारण नाटक त्यांच्यासाठीच होतं आणि चेटकीण त्यांच्याकडेच बघून हसत होती.

मराठी शाळकरी मुलांच्या सुट्टीचा इतिहास सांगायचा तर तो या चेटकिणीपासून सुरू करणं योग्य ठरेल. मुलांना सुट्टी होती, ती कुठे ना कुठे जात होती, काही ना काही करत होती. पण जाणत्या कलावंतांनी आपलं सगळं कसब पणाला लावून त्या सुट्टीसाठी काही घडवावं, ही रीत तिथून पडली.

मुलं आणि रंगभूमी यांचं नातं त्याआधीही होतं, मात्र ते मोठ्यांच्या सोयीचं. संगीत नाटकांच्या काळात नाटक मंडळ्यांना गोड गळ्याची पोरं हवी असत. दीनानाथ मंगेशकर पोरवयातच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. दामूअण्णा जोशी यांची ‘बालमोहन नाटक मंडळी’ तर नावापासूनच मुलांची. सौदागर नागनाथ गोरे नावाचा मुलगा तिथे वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ‘प्राणप्रतिष्ठा’ नाटकात उभा राहिला आणि पुढे छोटा गंधर्व म्हणून महाराष्ट्रभर गाजला. कंपनीतल्या मुलांची शाळा सुटलेली, त्यामुळे त्यांना सुट्टीही नव्हती. बिऱ्हाड कंपनीबरोबर गावोगाव, दिवसा तालीम, रात्र रात्र चालणारे प्रयोग. नट लहान आणि प्रेक्षक मोठे, अशी ती व्यवस्था होती. दुसरी वाट शाळेच्या स्नेहसंमेलनाची. आचार्य अत्रे यांनी १९३० साली ‘गुरुदक्षिणा’ लिहिलं ते शाळेतल्या मुलांसाठीच. पण संमेलन वर्षातून एकदा, तेही शाळा चालू असताना, आणि टाळ्या वाजवायला पालक. शाळेला कुलूप लागल्यावर मुलांचं काय, हा प्रश्न नाटकवाल्यांना फारसा पडला नव्हता.

मुळात उन्हाळ्याची ही लांबलचक सुट्टीच आपल्याकडे फार जुनी नाही. जुन्या पाठशाळांत सुट्टी विखुरलेली असे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी नवा पाठ द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. अवेळी मेघगर्जना झाली तरी अध्ययन थांबे. पंतोजींच्या गावठी शाळेत सणवार आणि गावची जत्रा एवढ्याच सुट्ट्या. सलग महिना-दीड महिना शाळा बंद ठेवण्याची पद्धत इंग्रजी अमदानीत आली. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचा. हायकोर्ट मे महिन्यात बंद असायचं. नव्या शाळा-कॉलेजांचं वर्षही त्याच बेताने आखलं गेलं. ऊन साहेबाला सोसत नव्हतं, पण सुट्टी मिळाली ती सगळ्यांना.

ती इथल्या मातीत रुजली, कारण इथल्या दिनक्रमाशी तिचं जमलं. रब्बीची कामं उरकलेली, लग्नसराई ऐन भरात, आंबे-फणस पिकायला लागलेले. जूनमध्ये पाऊस आणि शाळा जवळपास एकाच सुमारास यायच्या. विदर्भात उन्हाचा ताप जास्त दिवस टिकतो म्हणून तिथल्या शाळा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात, आणि ही रीत अजूनही चालू आहे.

मग मुलं जात कुठे? आजोळी. या उत्तरामागे वाहतुकीचा मोठा इतिहास आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाटातून मार्ग खुला झाला आणि मुंबईच्या गिरणीत किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला बायकामुलं देशावरच्या गावी धाडणं शक्य झालं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली आणि पुढच्या काही वर्षांत रेल्वे न पोचलेली आजोळंही हाकेच्या अंतरावर आली. कोकणाला मात्र १९९८ पर्यंत पूर्ण लोहमार्ग नव्हता. तिकडे आजोळ असलेल्या मुलांची सुट्टी समुद्रावरून सुरू व्हायची.

भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढायचं. डेकवर वळकट्या पसरून जागा धरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं एकामागून एक येत. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. दूर पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरायचं. आईचा हात एका खलाशाच्या हातात, पोर दुसऱ्याच्या काखेत, वर ट्रंक. मे महिना सरत आला की समुद्र खवळायचा आणि पावसाळ्यापुरती बोट बंद व्हायची, म्हणून परतीचा दिवस वादळवाऱ्याकडे डोळा ठेवून ठरे. आज कोकणातल्या आजोळाच्या आठवणींत आंबा-काजू पुष्कळ येतात. या पडावांचा मान त्याहून मोठा आहे. दहा वर्षांच्या मुलाला समुद्राची भीती आणि समुद्राचा भरवसा एकाच दिवसात शिकवणारी दुसरी शाळा नव्हती.

सुट्टी नीट घालवावी, हा विचार महाराष्ट्रात आधी मोठ्यांसाठी झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कचेऱ्या-कोर्टांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या सुट्टीतल्या संध्याकाळी शहाण्या माणसांची भाषणं ऐकायला पुणेकर जमू लागले. पुढे गावोगावी तशा व्याख्यानमाला निघाल्या. विसाव्या शतकात व्यायामाचं वारं आलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उन्हाळी वर्ग चालवून व्यायामशिक्षक तयार केले. त्याच मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून उभं होतं. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हापासून सुट्टीतलं शिबिर हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळला. शाळेच्या वर्गात शेजारी बसूनही एकमेकांच्या घरी न गेलेली मुलं तिथे एका पंगतीत जेवली. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

हे सगळं मुलांना घडवण्यासाठी होतं. मुलांना रिझवण्यासाठी कोण झटत होतं?

त्याचं उत्तर सुधा करमरकर. त्यांचे वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेत वावरणारे, त्यामुळे नाटक घरातच होतं. पार्वतीकुमार यांच्याकडे त्या भरतनाट्यम शिकल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास केला. तिथून त्या एक पक्का विचार घेऊन आल्या: मुलांचं नाटक म्हणजे मुलांनी कसंबसं पाठ करून म्हटलेलं नाटक नव्हे; तयारीच्या नटांनी, चोख नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि वेशभूषा यांच्यासह मुलांसाठी केलेलं नाटक. ‘लिटल थिएटर’ अर्थात बालरंगभूमी ही त्यांची संस्था या विचारावर उभी राहिली आणि ‘मधुमंजिरी’ तिचं पहिलं नाटक ठरलं.

मुलांच्या प्रेक्षागृहात काम करणं मोठ्यांच्या नाटकापेक्षा कठीण, असं बालनाट्य केलेले नट सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो. मुलं लगेच बोलायला लागतात, चप्पल शोधतात, पाणी मागतात. राक्षसाच्या अंगावरचं कातडं कापडाचं दिसलं की पहिल्या रांगेतून तसं सांगितलं जातं. म्हणून जादू खरी वाटावी यासाठी विंगेत घाम गाळावा लागतो. काळ्या पडद्यापुढे काळे कपडे घातलेला माणूस हातातली वस्तू फिरवतो आणि समोरच्यांना ती हवेत तरंगताना दिसते. टांगलेला लांब पत्रा हलवला की ढग गडगडतात. चेटकिणीचं नाक प्रयोगाआधी रंगपटात बसवलं जातं, आणि घामाने ते सुटू नये याची काळजी मे महिन्यात जास्त घ्यावी लागते. एवढं सगळं जमलं की मग तो क्षण येतो, ज्यासाठी नट हे कष्ट करतात. चेटकीण पावलं न वाजवता नायकाच्या मागे येऊन उभी राहते, आणि शेकडो मुलं खुर्च्यांवर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडतात, “मागे बघ! मागे बघ!”

लिटल थिएटरसाठी आणि त्या काळात बहरलेल्या बालरंगभूमीसाठी कोणी लिहिलं, ते पाहण्यासारखं आहे. विजय तेंडुलकर यांनी ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘राजाराणीला घाम हवा’, ‘चांभारचौकशीचे नाटक’ ही नाटकं मुलांसाठी लिहिली. पुढे १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहून मोठ्यांची झोप उडवणारा हाच नाटककार. सई परांजपे यांनी ‘पत्तेनगरीत’ लिहिलं. दिनकर देशपांडे, नरेंद्र बल्लाळ, वंदना विटणकर अशी कितीतरी माणसं या कामात उतरली. यांतली बरीच नोकरी सांभाळून तालमी करत. मुलांसाठी लिहिणं म्हणजे हात साफ करून घेणं, असं त्यांपैकी कोणी मानलेलं दिसत नाही.

रत्नाकर मतकरी यांनी तर १९६२ साली ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्थाच काढली. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, नेपथ्याची कल्पना बहुतेकदा त्यांचीच, आणि सोबत पत्नी प्रतिभा मतकरी. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्त्या गलबत्त्या’, ‘अचाटगावची अफाट मावशी’, ‘राक्षसराज झिंदाबाद’ ही नुसती नावं वाचली तरी कळतं की हा माणूस मुलांच्या कानाने ऐकत होता. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारा हा लेखक भीतीचं मोल जाणून होता. त्यांच्या बालनाट्यांत भीती खरी असते आणि तिच्यावर मात करणारी युक्तीही खरी असते. ‘घाबरू नका, हे सगळं खोटं आहे’ असं मुलांना कोणी समजावत बसत नाही. ‘अलबत्त्या गलबत्त्या’मध्ये चिंची चेटकीण रंगवली दिलीप प्रभावळकर यांनी. दूरदर्शनवरचा चिमणराव म्हणून घराघरांत पोचलेल्या या नटाला मुलांच्या एका पिढीने लांब नाकाची बाई म्हणूनच लक्षात ठेवलं आहे.

नाट्यगृहं वाढली तसं या नाटकांना घर मिळालं. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ साली, पुण्याचं बालगंधर्व १९६८ साली, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं. दुपारी-रात्री मोठ्यांची नाटकं असायची, म्हणून मुलांच्या वाट्याला सकाळ आली आणि ती सोयीचीच ठरली. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे बालनाट्याचे हंगाम. वर्तमानपत्रात जाहिरात आली की चाळीतली सात-आठ पोरं एका काकाच्या गळ्यात पडत. गावी न गेलेल्या, मुंबईतच अडकलेल्या मुलांसाठी ही फार मोठी भरपाई होती. मध्यंतरात बटाटेवडा, आणि नाटक संपल्यावर रंगपटाच्या दाराशी गर्दी: चेटकीण मिशा लावते का ते बघायला!

याच्या पुढचं पाऊल अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाला या विभागाने टाकलं. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलं कशाने हरखतात आणि कशाने कंटाळतात हे त्या रोज बघत होत्या. ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात त्यांनी रंगमंच मुलांनीच भरून टाकला. कोणाचंही न ऐकणाऱ्या हट्टी दुर्गेची ही गोष्ट. तिच्यात ढग, पक्षी, झाडं सगळं काही मुलंच. सुधाताईंचा आग्रह होता की मुलांना उत्तम बघायला मिळावं. इथे आग्रह होता की मुलांनी ते करावं, पण त्यासाठी महिनोन्महिने तालीम करावी. दोन्ही वाटा एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोघींनी एक गोष्ट मुळीच चालू दिली नाही: ‘मुलांचंच तर आहे, चालेल एवढं’.

हीच कसोटी सुट्टीतल्या वाचनालाही लावता येते. १८७२ साली ‘बालबोधमेवा’ निघालं ते मिशनऱ्यांकडून. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केलं आणि मराठी मुलांना आपलं म्हणावं असं मासिक मिळालं. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या बालभारतीनेच १९७१ साली ‘किशोर’ काढलं, हेही दाद देण्यासारखं. ज्या संस्थेचं पुस्तक जूनमध्ये नाइलाजाने उघडायचं, तिचंच मासिक मे महिन्यात मुलं भांडून वाचत. पण सुट्टीचा खरा लेखक भा. रा. भागवत. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ मासिक चालवलं, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे जन्माला घातला. किडकिडीत अंगाचा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. त्याच्या साहसांना सुट्टीचं मोकळं रान लागतं. शाळा सुटली, मोठ्यांची नजर थोडी ढळली, की कुठेतरी चोर, हेर किंवा वादळ त्याची वाट बघत असतं. उन्हाच्या काहिलीत माजघरात पालथं पडून हे वाचणारी मुलं त्याच्याबरोबर अख्खा देश फिरून यायची.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मात्र एका माणसाने अगदी वेगळी सुट्टी मांडली. कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला दुसरा प्रकल्प सुरू केला आणि १९६७ च्या सुमारास तिथे श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. वेळ निवडली मे महिन्याचा मध्य. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. अशा वेळी पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची कॉलेजात जाणारी किंवा शाळा नुकती संपवलेली पोरं तिथे गोळा व्हायची. पहाटे उठून हातात कुदळ-फावडं घ्यायचं आणि बांध घालायचे, चर खणायचे. ज्या हातांना कधी घट्टे पडले नव्हते, त्यांना पहिल्याच दिवशी फोड यायचे. उन्हं चढली की काम थांबायचं, मग चर्चा, व्याख्यानं, रात्री गाणी. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभ्याने किंवा आडवे पडून बोलत. पोरं जमिनीवर बसून ऐकत.

त्या छावणीत कुष्ठमुक्त झालेली माणसं मुलांच्या शेजारी काम करत होती, त्यांनी पिकवलेलं धान्य मुलांच्या ताटात होतं. ज्या घरांत ‘महारोगी’ म्हटल्यावर दार लागायचं, त्या घरांतली मुलं हे जेवून परत जायची. एका आठवड्यात एवढं मोठं काम क्वचितच कुठल्या शिक्षणाने केलं असेल. १९७३ साली भामरागडच्या जंगलात बाबांचा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलींवर त्यांची भारत जोडो यात्रा निघाली. या कामांना तरुण हात लागले, त्यांमागे सोमनाथच्या मे महिन्यांची मोठी पुण्याई आहे.

याच चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात त्याच महिन्यात दुसरीही मुलं राबत असतात आणि त्यांना कोणी शिबिरार्थी म्हणत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात आईबापांबरोबर तेंदूपानं तोडून त्यांचे पुडे बांधायचे. ऊसतोड कामगारांची मुलं तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरात, फडाच्या कडेला. त्यांची शाळा हंगामात सुटते आणि सुट्टीत ती गावी परततात तेव्हा वर्ष संपलेलं असतं. सुट्टीचा इतिहास लिहिताना या मुलांना वगळणं म्हणजे अर्धा महाराष्ट्र वगळणं आहे. सुट्टी कशी घालवावी हा प्रश्न ज्याला सुट्टी मिळते त्याचा असतो, आणि आधी ती सगळ्यांना मिळायला हवी.

शहरात नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, अंगणं गेली, आई-वडील दोघंही नोकरीला, आजोळच शेजारच्या उपनगरात. टीव्हीवर दिवसभर कार्टून. सुट्टीच्या तोंडावर छंदवर्ग, संस्कारवर्ग आणि समर कॅम्प यांच्या पाट्या लागू लागल्या. त्यातले काही उत्तम, पण बऱ्याच ठिकाणी दहा दिवसांत दहा कला, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि पालकांसमोर नाच, असा घाईचा मामला झाला. मुलाला रिकामा वेळ मिळणार नाही याची हमी हाच त्या वर्गांचा मोठा गुण मानला जाऊ लागला. पुण्यात सारसबागेजवळ शोभा भागवत यांनी १९८५ पासून घडवलेलं गरवारे बालभवन या घाईला सरळ नकार देत आलं. तिथे स्पर्धा नाही, नंबर नाही. माती आहे, रंग आहेत, मैदान आहे आणि मुलांचं बोलणं पुरतं ऐकून घेणाऱ्या ताया आहेत.

नाटकही दरम्यान ओसरलं होतं. बालनाट्याची निर्मिती परवडेना, सकाळचे प्रयोग रिकामे जाऊ लागले, स्पर्धांपुरती नाटकं उरली. आणि २०१८ साली ‘अलबत्त्या गलबत्त्या’ नव्याने आलं. चिन्मय मांडलेकर यांनी ते बसवलं, चिंची चेटकीण झाले वैभव मांगले. ते इतकं चाललं की एकाच दिवशी लागोपाठ प्रयोग लावावे लागले. लहानपणी हीच चेटकीण बघून किंचाळलेले आता आई-बाप होऊन शेजारच्या खुर्चीत बसले होते. पाठोपाठ ‘निम्मा शिम्मा राक्षस’ही परतलं. मोबाइल हातात असलेली मुलं नाटक बघणार नाहीत, हा समज तिकीटखिडकीवरच खोटा ठरला.

मतकरी मात्र त्या सुमारास आणखी एका कामात गुंतले होते. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमधल्या मुलांना त्यांनी लिहिलेली संहिता हातात दिली नाही. तुमच्या आजूबाजूला काय घडतं ते तुम्हीच सांगा, तुम्हीच लिहा, तुम्हीच करा, असं सांगितलं. प्रत्येक वस्तीने आपापली नाटिका बसवायची आणि मग सगळ्यांनी मिळून नाट्यजल्लोषात ती सादर करायची. नेपथ्य जवळपास नाही, कपडे घरचेच, विषय गल्लीतले. मतकरी तालमी बघायला जात, सूचना करत, वाक्य कुठे तोडायचं ते दाखवत. १९५९ साली त्यांनी लिहिलेल्या नाटकात मुलं समोर बसली होती. इथे ती लेखकाच्या जागी होती.

१७ मे २०२० रोजी मतकरी गेले, त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातलं एकही नाट्यगृह उघडं नव्हतं. पुढच्या सुट्ट्यांत पडदे पुन्हा वर गेले. बालनाट्य करणाऱ्या संस्थांसमोर आज पैशापेक्षा मोठी अडचण नव्या संहितांची आहे. चेटकीण, राक्षस, राजपुत्र यांच्यावर तीन पिढ्या पोसल्या. आता बहुमजली इमारतीतल्या, इंग्रजी शाळेतल्या आणि पत्र्याच्या खोलीतल्याही मुलासाठी मराठीत काय लिहायचं, हे शोधण्याचं काम बाकी आहे. तेंडुलकर आणि मतकरी यांनी हे काम विशी-तिशीत हाती घेतलं होतं. आज त्या वयाचे, मोठ्यांच्या एकांकिका स्पर्धा गाजवणारे लेखक महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांच्यापैकी चार जणांनी जरी पुढच्या मे महिन्यासाठी एकेक नाटक लिहायला घेतलं, तरी सकाळच्या प्रयोगांना पुन्हा रांगा लागतील.